विकलेल्या गाडीत हात घालण्याचा परवाना

वाहन उद्योगाच्या परिषदांत आणि गाड्यांच्या परीक्षणांत गेली काही वर्षे एक दावा इतक्यांदा केला गेला आहे की तो आता कुणी तपासूनही पाहत नाही. पूर्वी शोरूममधून बाहेर पडलेली गाडी त्याच दिवसापासून जुनी होऊ लागायची. आता ती दर महिन्याला सुधारते, असा तो दावा. रात्री गाडी दारात उभी असते, इंटरनेटवरून नवे सॉफ्टवेअर उतरते आणि सकाळी मालकाला कालच्यापेक्षा चांगली गाडी मिळते. या दाव्याच्या पाठोपाठ एक मागणीही येते: सरकारी चाचण्या आणि मान्यता यांचे जुने चक्र या वेगाला पुरे पडणार नाही, तेव्हा नियामकांनी वाटेतून बाजूला व्हावे. दाव्यात अर्धे सत्य आहे. मागणी धोकादायक आहे, आणि ती त्या अर्धसत्याच्या आडून रेटली जाते. म्हणून दोन्हींचा समाचार एकत्रच घ्यायला हवा.

या मंडळींची आवडती गोष्ट २०१८ ची आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने टेस्लाच्या मॉडेल ३ ची चाचणी घेतली. ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९६ किलोमीटरच्या वेगातून ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला १५२ फूट लागले. फोर्डच्या अवजड पिकअप ट्रकलाही याहून कमी लागत होते. संस्थेने गाडीची शिफारस करायला नकार दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत टेस्लाने एबीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करून ती परस्पर गाड्यांमध्ये उतरवली. पुन्हा चाचणी झाली, अंतर १३३ फुटांवर आले. एकही गाडी वर्कशॉपमध्ये गेली नाही, एकही नट फिरवावा लागला नाही.

ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. ती नीट ऐका. एकोणीस फूट म्हणजे जवळजवळ सहा मीटर. रस्त्यात धावत आलेले मूल आणि गाडीचा बंपर यांच्यामधले सहा मीटर. ही त्रुटी पोटात घेऊन गाडी कारखान्यातून बाहेर पडली, विकली गेली, लोक ती रोज चालवत होते. त्रुटी जगासमोर आणली ती स्वतःच्या पैशाने गाडी विकत घेऊन तपासणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेने. ती संस्था नसती तर काय झाले असते, हा प्रश्न ही गोष्ट सांगणारे विचारत नाहीत. त्याहून गंभीर बाब पुढे आहे. थांबण्याचे अंतर ज्या वाटेने रातोरात सहा मीटरने कमी होते, त्याच वाटेने ते वाढूही शकते. पेडल तेच, टायर तेच, आरसी बुकही तेच. गाडीतला बदल मालकाला कळायचा तो ब्रेक दाबल्यावरच.

ही भीती कल्पनेतली नाही, व्होल्वोच्या बाबतीत ते घडले. सुरक्षिततेच्या बाबतीत या कंपनीचे नाव जगात अग्रभागी घेतले जाते, तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ मध्ये याच कंपनीने गाडीत बसवला. २०२५ मध्ये तिला अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक हायब्रिड आणि विजेच्या गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. कारण, ब्रेक नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरची एक नवी आवृत्ती. हायब्रिड गाडी ‘बी’ मोडमध्ये किंवा विजेची गाडी एका पेडलवर चालवण्याच्या मोडमध्ये असेल, ती उतारावर किमान १ मिनिट ४० सेकंद दोन्ही पेडलांना पाय न लावता घरंगळत राहिली, आणि मग चालकाने ब्रेक दाबला, तर ब्रेक लागत नसत. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर बसेपर्यंत हे मोड वापरू नका, असे मालकांना सांगावे लागले.

ज्याने बोरघाट किंवा आंबेनळी घाट उतरला आहे त्याला या वर्णनाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. उतारावर मोटरलाच गाडी रोखू द्यायची, ब्रेक तापू द्यायचा नाही, हेच तर जाणता चालक करतो, आणि ‘बी’ मोड असतो तो त्यासाठीच. म्हणजे दोष नेमका शहाणपणाने गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला येणारा होता. सपाट ट्रॅकवर चाचणी घेतली, शहरात हजार वेळा ब्रेक दाबून पाहिले, तरी तो सापडला नसता. उतार हवा, विशिष्ट मोड हवा, पावणेदोन मिनिटांचा संयम हवा. सॉफ्टवेअरमधले दोष असेच असतात. लोखंडाला तडा जातो तेव्हा तो वाढत जातो, आवाज करतो, अनुभवी मेकॅनिकला हाताला लागतो. सॉफ्टवेअर शंभर वेळा बिनचूक चालते आणि एकशे एकाव्या वेळी, परिस्थितींचा एक विशिष्ट मेळ जुळला की, पूर्णपणे चुकते. असा मेळ शोधायला वेळ लागतो, आणि सतत अपडेटच्या पद्धतीत नेमका वेळच काटला जातो.

नवे मॉडेल बाजारात आणण्यापूर्वी कंपन्या ते उन्हाळ्यात राजस्थानात तापवतात, थंडीत लडाखला नेतात, धुळीतून, पाण्यातून, खड्ड्यांतून महिनोन्‌महिने फिरवतात. डिझाइन गोठवतात आणि त्यानंतर एक बोल्ट बदलायचा तरी सह्या लागतात. ही शिस्त उद्योगाने अपघातांची आणि खटल्यांची किंमत मोजून शिकली. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मात्र काही आठवड्यांत निघते. एका आधुनिक गाडीत अनेक डझन ईसीयू, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणा सांभाळणारे छोटे संगणक असतात. ब्रेकचा एका पुरवठादाराचा, स्टिअरिंगचा दुसऱ्याचा, पडद्याचा तिसऱ्याचा. त्यात एकाच मॉडेलच्या गाड्यांतही वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या चिपांचे सुटे भाग असतात. एका ईसीयूची भाषा जरा बदलली की बाकीच्यांनी ती पूर्वीसारखीच समजून घेतली का, हे प्रत्येक जोडीसाठी तपासावे लागते. हिंजवडीत, खराडीत जगभरच्या वाहन कंपन्यांसाठी हे काम करणारे शेकडो मराठी अभियंते आहेत. ही अडचण त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. माझा आक्षेप त्यांच्या कौशल्यावर नाही. त्यांच्या हातातली तपासणीची मुदत ज्यांनी अर्ध्यावर आणली, त्यांच्यावर आहे.

मुदत का कमी झाली? कारण चूक आता स्वस्त झाली. पूर्वी सदोष गाडी परत बोलावायची म्हणजे लाखो पत्रे, वर्कशॉपमधले तास, सुटे भाग, वर्तमानपत्रांत नाव. तो खर्च टाळण्यासाठी कंपनी आधीच कसून तपासणी करायची. आता दुरुस्ती फुकटात पोहोचते, म्हणून आधी तपासण्याची निकड उरत नाही. टेस्लाने २०२१ च्या ऑक्टोबरात आपल्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ची बीटा आवृत्ती १०.३ ग्राहकांना दिली आणि एक-दोन दिवसांत मागे घेतली. गाडीतल्या दोन चिपांमधला संवाद तुटून समोर काही नसताना टकरीचा इशारा वाजत होता, कधी गाडी आपोआप ब्रेक लावत होती. ११,७०४ गाड्यांचे अधिकृत रिकॉल नोंदवावे लागले. कंपनीची तत्परता म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. पण बीटा म्हणजे अपुरे तपासलेले सॉफ्टवेअर, हे कंपनीनेच जाहीर केले होते. गाडीतल्या माणसाने निदान संमती दिली होती. त्याच्या मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने कुठे दिली होती? महामार्गावर विनाकारण ब्रेक लागला तर पहिला बळी त्याचाच.

‘फोनही अपडेट होतो, त्यातही चुका होतात, पुढच्या अपडेटमध्ये निस्तरतात’ हा युक्तिवाद ऐकला की मला संताप येतो. फोन अडकला तर खिशात राहतो. चीनमध्ये २०१९ च्या जानेवारीत निओ कंपनीच्या एका गाडीत बीजिंगच्या छांगआन मार्गावर, भर वाहतुकीत अपडेट सुरू झाले. पडदा काळा झाला, काचा खाली होईनात आणि तासाभराहून अधिक काळ गाडी जागची हलली नाही. मान्यता चालकाने स्वतःच दिली होती, असे कंपनीने सांगितले, आणि ते खरेही असेल. मग रस्त्यावर उभ्या गाडीत असे अपडेट सुरूच होऊ शकते, ही रचना कोणाची? २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या रिव्हियन या वाहन कंपनीने चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची आवृत्ती पाठवली आणि काही गाड्यांचे पडदे बंद पडले. एका माणसाच्या हातून चुकीची फाइल निवडली गेली होती. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात जीप रँग्लरच्या ४एक्सई गाड्यांनी अपडेट घेतले, त्यानंतर काही गाड्यांची ताकद चालता चालता गेली. कंपनीने अपडेट थांबवले, नवे पाठवले. महामार्गाच्या मधल्या लेनमध्ये ताकद गमावून बसलेल्या माणसाला पुढच्या अपडेटचे आश्वासन काय कामाचे?

अपडेटच नकोत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या दोन संशोधकांनी धावती जीप दुरून इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. कंपनीला १४ लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या आणि दुरुस्तीसाठी मालकांना टपालाने पेनड्राइव्ह पाठवावे लागले. सायबर हल्ल्याची फट बुजवायला पेनड्राइव्हची वाट पाहणे हा वेडेपणा आहे. तिथे हवेतून जाणारी दुरुस्तीच हवी, आणि ती त्याच दिवशी हवी. आपल्याकडे टाटाने २०२३ मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज सॉफ्टवेअर बदलून ४३७ वरून ४५३ किलोमीटर केली आणि जुन्या ग्राहकांनाही तो लाभ सर्व्हिस सेंटरमध्ये दिला. हेही चांगलेच झाले. म्हणून भांडण अपडेटशी नाही. ब्रेक, स्टिअरिंग, बॅटरी आणि मोटर यांना स्पर्श करणारा बदल कोणी तपासायचा, कोणाला सांगायचा आणि चुकला तर जबाबदार कोण, यावर आहे.

इथे आपल्या कायद्याकडे पाहिले की विसंगती डोळ्यांत भरते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मालकाला सांगते, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली नोंद विसंगत होईल असा बदल गाडीत करू नकोस. गाडीचा रंग बदलायचा तरी आरटीओत नोंद लागते. बेकायदा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कंपनीने मात्र त्याच गाडीच्या ब्रेकचे गणित बदलले तर मालकाच्या हातात कागदाचा कपटाही पडत नाही. गाडी विक्रीला येण्याआधी तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, ही मान्यता आपल्या सगळ्या सुरक्षेचा पाया आहे. पण मान्यता मिळाली ती एका विशिष्ट सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या गाडीला. दोन वर्षांनी, आठ-दहा अपडेटनंतर तुमच्या दारात उभी असलेली गाडी ती आहे का? फ्लॅट विकल्यावर बिल्डरने एक किल्ली स्वतःकडे ठेवावी आणि आपण झोपेत असताना येऊन खांब हलवावेत, नकाशा महापालिकेत जुनाच राहावा, असा हा प्रकार आहे.

‘कंपन्यांवर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांना फोक्सवॅगनची आठवण करून द्यावी लागेल. २०१५ मध्ये उघड झाले की तिच्या डिझेल गाड्यांमधले सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतात एआरएआयच्या चाचण्यांनंतर कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलून देण्याचे जाहीर केले. त्या वेळी लबाडीचे सॉफ्टवेअर निदान गाडीत कायम होते, म्हणून ते पकडता आले. चाचणीपूर्वी एक आणि चाचणीनंतर दुसरे सॉफ्टवेअर हवेतून उतरवता येत असेल, आणि कोणत्या गाडीत कोणत्या तारखेला काय होते याची नोंद फक्त कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर पकडणार कोण आणि कसे? अपघाताच्या खटल्यातही हाच पेच आहे. गाडी जप्त करून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी केली तरी अपघाताच्या क्षणी तिच्यात कोणती आवृत्ती होती, हे सांगू शकणारा साक्षीदार एकच, आणि तोच प्रतिवादी.

नियम आले तर आपण मागे पडू, ही ओरड तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनईसीई मंचाने २०२० मध्ये सॉफ्टवेअर अपडेटसाठी नियम क्रमांक १५६ संमत केला. युरोपात तो २०२२ च्या जुलैपासून नव्या मॉडेलांना आणि २०२४ च्या जुलैपासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. कोणत्या गाडीत काय बदलले याची नोंद, मालकाला पूर्वसूचना, अपडेट फसले तर गाडी सुरक्षित अवस्थेत परतण्याची सोय, मान्यतेवर परिणाम होत असेल तर पुन्हा मान्यता. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू यामुळे बंद पडल्या नाहीत. विजेच्या गाड्यांत सर्वांत वेगाने धावणाऱ्या चीननेही २०२५ मध्ये हवेतून होणाऱ्या अपडेटवर लगाम आवळला आणि अपुऱ्या तपासलेल्या चालक-साहाय्य प्रणाली ग्राहकांवर अजमावू नका, असे कंपन्यांना बजावले. ज्या १९५८ च्या करारातून नियम १५६ येतो त्या कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे तो इथे आपोआप लागू होत नाही. एआरएआयकडे सचिवालय असलेल्या समितीने त्याच धर्तीवर सायबर सुरक्षेसाठी एआयएस-१८९ आणि अपडेटसाठी एआयएस-१९० ही मानके आखली आहेत. म्हणजे आराखडा कोथरूडच्या टेकडीवर तयार आहे. तो सौम्य करण्यासाठी जे दबाव आणतील त्यांना ओळखून असावे.

मुद्दा मालकीचाही आहे. २०१९ मध्ये टेस्लाच्या काही मॉडेल एस गाड्यांची बॅटरी एका अपडेटनंतर पूर्वीइतकी भरेनाशी झाली; १,७४३ गाड्यांच्या मालकांशी १५ लाख डॉलरांची तडजोड करावी लागली. शाओमीने २०२५ च्या मे महिन्यात एसयू७ अल्ट्राची १,५४८ अश्वशक्ती सॉफ्टवेअरने सुमारे ९०० वर आणली, ट्रॅकवर ठरावीक वेळ नोंदवणाऱ्यांनाच पूर्ण ताकद मिळणार होती. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही, पण लोकांनी पैसे १,५४८ चे मोजले होते. ओरड झाली आणि कंपनीने पाऊल मागे घेतले. याची दुसरी बाजू आपल्याकडे दिसली. ओलाने २०२१ च्या डिसेंबरात स्कूटर द्यायला सुरुवात केली तेव्हा जाहिरातीतले क्रूझ कंट्रोल आणि नेव्हिगेशन त्यात नव्हते. ते २०२२ च्या जूनमधल्या अपडेटसोबत आले. पैसे पूर्ण, वस्तू हप्त्याने.

आणि गाडी म्हातारी झाली की? आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस घेऊन ती आणखी चालते. दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते, तालुक्याच्या गावी पोहोचते. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्यांमध्ये ८ जीबीची मेमरी चिप होती. सॉफ्टवेअर तिच्यावर सतत नोंदी लिहीत राहिले आणि ती झिजून निकामी झाली, मागचा कॅमेरा बंद पडला, काचेवरचे धुके घालवण्याची यंत्रणा बिघडली. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या रिकॉल झाल्या. असा भाग गाडीच्या पूर्ण आयुष्यभर टिकावा ही अपेक्षाच अवास्तव आहे, अशी कंपनीची नियामकांपुढची भूमिका होती. फिस्कर या वाहन कंपनीने तर २०२४ च्या जूनमध्ये दिवाळे काढले, आणि तिच्या ‘ओशन’ गाडीच्या मालकांपुढे प्रश्न उभा राहिला की गाडीचा मेंदू ज्या सर्व्हरवर अवलंबून आहे त्याचे बिल कोण भरणार. कंपनी बुडाली तर १९९८ ची मारुती अजूनही गल्लीतला मेकॅनिक चालू ठेवू शकतो. कुलूपबंद सॉफ्टवेअरच्या गाडीपुढे तो हतबल आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. ब्रेक, स्टिअरिंग, बॅटरी, मोटर किंवा चालक-साहाय्याला हात लावणारे प्रत्येक अपडेट चाचणी संस्थेला आधी कळवलेले असावे. सायबर हल्ल्यासारख्या तातडीच्या प्रसंगी आधी पाठवून लगेच कळवण्याची सवलत असावी. मालकाला मराठीत, त्याला समजेल असे, काय बदलले ते सांगावे. सुरक्षेशी संबंध नसलेला बदल नाकारण्याचा हक्क त्याला असावा आणि नकाराबद्दल वॉरंटी जाऊ नये. सुरक्षेची अपडेट १५ वर्षे फुकट मिळावीत, आणि कंपनी बंद पडली तर दुरुस्तीची साधने स्वतंत्र वर्कशॉपना खुली करावीत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम ११०अ सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार देते. हवेतून केलेली सुरक्षेची दुरुस्तीही त्यात निःसंदिग्धपणे मोजावी, म्हणजे दोष गुपचूप झाकता येणार नाही. आणि गाडीची सॉफ्टवेअर आवृत्ती तारखेसह ‘वाहन’ पोर्टलवर चढावी. विमा आणि पीयूसी यांची नोंद तिथे आजही होते. त्याच पानावर आणखी एक रकाना लागेल, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला, विमा कंपनीला, अपघाताचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला तो वाचता येईल.